डॉक्टरांचा पहिला गिअर

परंड्याला बदली झाली आणि मी भाड्याची खोली शोधत त्या घरी गेले, तेव्हा घरमालकांनी आधी माझे दात बघितले. "मास्तरीणबाई, जरा आ करा," म्हणाले. मी इतकी गांगरले की खरंच आ केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मान तिरपी करून आत डोकावलं आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडले, "अगं, खोली द्यायला हरकत न्हाय. दाढा पक्क्या हायेत. चावून खाणारी बाई हाय." आतून उत्तर आलं, "आता शेपूट धरून चालवून बगा म्हणावं त्यांना!" ही आतली बाई म्हणजे काकू, त्यांची बायको. त्या क्षणी मी ठरवलं की राहायचं तर इथंच.

घरमालकांना सगळे डॉक्टर म्हणायचे, पण हे जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सगळी हयात बैलांच्या आणि म्हशींच्या तोंडात हात घालण्यात गेल्यामुळं माणूसही त्यांना आधी दातांवरून दिसायचा. नाव विसरायचे, दात विसरायचे नाहीत. बाजारात कुणी नमस्कार केला की नुसतं बघत राहायचे आणि तो हसला की म्हणायचे, "हां, हां, तू व्हय!" माझ्या कॉलेजचे प्राचार्य एकदा घरी येऊन गेले, तर पुढं कायम त्यांचा उल्लेख "ते तुमचे कवळीवाले" असाच. स्वतःची बत्तिशी मात्र शाबूत होती आणि त्याचा भयंकर गर्व होता. सत्तरी ओलांडलेला माणूस पाहुण्यांसमोर सुपारी कडाकडा फोडून खातो आणि मग सगळ्यांकडं आळीपाळीनं बघतो, हे दृश्य मी तिथंच पाहिलं.

दुसरी खोड अशी की एरवी गावाकडचं बोलणारा हा माणूस रागावला की थेट पाठ्यपुस्तकात शिरायचा. मी वरच्या खोलीत वह्या तपासत असायची आणि खालून "तथापि" किंवा "सदर बाब" असं काही ऐकू आलं की ओळखायची, आज आमटीत मीठ नाही. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला ते एकदा म्हणाले होते, "आपल्या प्रामाणिकपणाविषयी माझ्या मनात शंका उत्पन्न झालेली आहे." गवळी बिचारा हात जोडून उभा राहिला. त्याला शिवी चालली असती, हे काय आहे ते कळेना.

आणि "मिळत नाही" हे दोन शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "मिळत न्हाय म्हंजे अजून कुणी करून बघितलं न्हाय," असं त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. काकूंच्या जुन्या मिक्सरचा खालचा रबरी तुकडा झिजला आणि दुकानदार म्हणाला की तसला आता येत नाही, तर डॉक्टरांनी आपल्या चपलेचा तळ कापून तुकडा बनवला. मिक्सर सुरू झाला. पुढचे बरेच दिवस शेंगदाण्याच्या चटणीला चपलेचा वास यायचा, पण ते ताटातली चटणी बोटानं पुसून खायचे आणि म्हणायचे, "हाय का काय फरक?" काकू आणि मी एकमेकींकडं बघायचो.

तर अशा माणसाच्या घरात अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये गोधडी पांघरलेली एक काळी, जुनीपुराणी विलायती गाडी उभी होती. मोठाले गोल दिवे, दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या लांब फळ्या, मागं उतरतं बूड. निवृत्तीनंतर बार्शीच्या एका भंगारवाल्याच्या आवारात ती त्यांना दिसली आणि त्यांनी ती उचलून आणली. इंजिन त्यांनी खपून चालू केलं होतं. घंटीसारखं वाजायचं. अडचण होती गिअरबॉक्सची, आणि ती गिअरबॉक्स मी गेले तेव्हा शेडमध्ये नव्हती. ती ओसरीवर पाटावर बसवलेली होती, मुंडावळ्या बांधायच्या तेवढ्या बाकी होत्या.

दर सकाळी चहा झाला की डॉक्टर त्या खोक्यापाशी बसायचे, कानाला जनावरांच्या छातीला लावायची नळी लावायचे आणि एका हातानं आतलं चाक हळूहळू फिरवायचे. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. मी मराठी शिकवते. तरी मला बोलावून त्यांनी नळी माझ्या कानाला लावली. खर्र, खर्र, खर्र, आणि मग मध्येच काहीच नाही, मग ठक्.

"ऐकलं? तिथं दाते न्हाईत."

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. उभी गाडी जागेवरनं उठवायची ती पहिल्या गिअरनं. एकदा चालायला लागली की दुसरा, मग तिसरा. या गाडीचे दुसरा आणि तिसरा ठणठणीत होते. मागं न्यायचा गिअरही चालू होता. फक्त पहिल्याच्या चाकाचे सलग काही दाते मुळापासून गेले होते, त्यामुळं गाडीला चालता यायचं, उठता येत नव्हतं. "मागं म्हणाल तेवढी जाती," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पुढं म्हटलं की बसली. अगदी घरातल्या माणसाचं वळण लागलंय तिला."

ते एक दातेरी चाक मिळावं म्हणून डॉक्टरांनी किती ठिकाणी फोन केले असतील त्याला सुमार नाही. पुणं झालं, मुंबई झाली, हैदराबादेत जुन्या गाड्यांचा बाजार आहे तिथं ते स्वतः जाऊन आले. कोईमतूरहून एक पार्सल आलं, मोठ्या उत्साहानं उघडलं, तर त्या चाकाच्या दात्यांचा कल उलट्या बाजूला. शेवटी परदेशातल्या एका म्हाताऱ्याशी मी इंग्रजीत पत्रापत्री करून दिली. त्यानं फार सभ्यपणे कळवलं की हे चाक आता जगात कुठंच बनत नाही आणि त्यालाही एक हवंच आहे, सापडलं तर सांगा.

बार्शीच्या गॅरेजवाल्यानं सरळ उपाय सुचवला. जीपची गिअरबॉक्स बसवा आणि मोकळे व्हा. डॉक्टरांनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्यानं गाईला रेड्याचं आतडं जोडायला सांगितलं असावं. "हिचं हिच्यातच दुरुस्त व्हायला पाहिजे," म्हणाले. मला हा म्हातारपणचा हट्ट वाटला आणि मी तसं काकूंना बोलूनही दाखवलं. काकू म्हणाल्या, "हट्टच हाय की," आणि लसूण सोलत राहिल्या.

मग एका रविवारी दारात एक तरुण येऊन उभा राहिला. इस्त्रीचे पांढरे कपडे, बोलायला अदबशीर. गाडी मूळची ज्या मोठ्या घराण्याची होती त्या घरातला तो नातू. आजोबांची गाडी डॉक्टरांकडं आहे असं त्याला कुठूनसं कळलं होतं. तो हमरस्त्याला नवं मंगल कार्यालय बांधत होता आणि दारात ही गाडी उभी करायचं त्याच्या मनात होतं, म्हणजे नवरा-नवरीला तिच्यापाशी फोटो काढता येतील. डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली, दात बघितले, सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

"बंद असली तरी चालेल काका, तिथं उभीच तर करायचीय," तो म्हणाला. "आणि न्यायची फिकीर करू नका तुम्ही. माझी चार पोरं येतील, ढकलत नेतील ट्रकपर्यंत."

डॉक्टर उठून उभे राहिले.

"आपण आलात, आनंद झाला. चहा घेतल्याशिवाय जाऊ नये. तथापि ही गाडी यापुढे कोणीही ढकलणार नाही."

"अहो पण काका, ढकलल्याशिवाय ती..."

"ती स्वतः चालेल. ती स्वतः चालेपर्यंत ती इथून हलणार नाही. आपली भेट संपलेली आहे."

पोरगा गोंधळला. आपण काय वाईट बोललो ते त्याला कळलं नाही, मलाही कळलं नाही. त्यानं खाली मान घालून चहा संपवला, काकूंना नमस्कार केला आणि गेला. डॉक्टर शेडमध्ये जाऊन गाडीवरची गोधडी उगीच सारखी करत बसले.

त्या दिवशी भाकरी थापता थापता काकूंनी मला सांगितलं. "त्यो पोरगा चांगला हाय वो. त्याला काय ठाव? त्याच्या जन्माआधीचं हाय ह्ये." डॉक्टरांचे वडील आणि धाकटे चुलते, दोघंही त्या मोठ्या घराच्या गोठ्यात कामाला होते. घराण्यानं गाडी घेतली आणि थोड्याच काळात तिचा पहिला गिअर गेला. "तवाबी गेर मिळतच नव्हता म्हणं. मालक म्हनले, ऱ्हाऊ द्या. गेर न्हाय मिळत तर माणसं मिळत्यात की."

तेव्हापासून रोज सकाळी गाडी दोघा भावांनी ढकलायची. वेग आला की मालक दुसरा गिअर टाकायचे आणि गाडी निघून जायची. थांबायची नाही, कारण थांबली तर पुन्हा ढकलावी लागणार. दोघं धुरळ्यात उभे राहायचे. बरं, तिथं काम संपत नव्हतं. मालक बाजाराला गेले तर परत निघताना तिथं ढकलायला कोण? म्हणून दोघं भाऊ गाडीच्या मागं चालत बाजारापर्यंत जायचे. तिथं ढकलायची आणि पुन्हा चालत घरी यायचं. डॉक्टर लहान होते, शाळेला सुट्टी असली की बापाचं बोट धरून तेही चालायचे.

"गाडीत बसवून न्यायचं की मग त्यांना," मी म्हणाले.

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली. "बसवायचं म्हंजी गाडी थांबवाय लागती मॅडम. आन् थांबली असती तरी बसवलं असतं व्हय आमाला त्या वक्ताला?"

डॉक्टरांना गाडी मिळाली त्याच्या कितीतरी आधी वडील गेले होते. चुलते होते. त्यांना सगळे नाना म्हणत. भूमकडं जाताना जो चढ लागतो त्या चढावरच्या गावात ते राहायचे, फार थकले होते. डॉक्टरांनी भंगारातून गाडी आणली त्याच दिवशी ठरवलं होतं की नानांना या गाडीत बसवायचं आणि ती कुणाच्याही हाताशिवाय जागेवरनं उठायची. तोच गिअर, त्याच गाडीचा, दुरुस्त व्हायला हवा होता. "नाना हायेत तवर झालं तर झालं," काकू म्हणाल्या. "न्हायतर मग ती शेवंतीच्या कुंड्या ठेवायला बी चाललं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचून ओसरीवर गेले आणि म्हणाले, "काय धरायचं ते सांगा."

डॉक्टरांनी नळी गळ्यात अडकवली आणि विचारलं, "प्लास्टर कालवता येतं का?"

चाक कुठं मिळत नव्हतं म्हणून ते करायचं ठरलं. जनावरांचे मोडलेले पाय बांधायचं प्लास्टर त्यांच्याकडं पडून होतं. चाकाचे जे दाते धड उरले होते त्यांच्यावर ते पातळ कालवून ओतलं आणि वाळल्यावर अलगद काढलं. दात्यांचा हुबेहूब ठसा आला. तो ठसा छातीशी धरून आम्ही एसटी स्टँडच्या मागच्या एका मिस्त्रीकडं गेलो. हा मिस्त्री रसवंतीच्या चरकांची चाकं करायचा. ऊस पिळायचे ते दोन लाटे ज्या दातेरी चाकांवर फिरतात, ती सगळ्या तालुक्याला तोच पुरवायचा. त्याचा बापही तेच करायचा. त्यानं ठसा फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाला, "बारीक हाय. पर हुतंय." ट्रकच्या मोडक्या ॲक्सलचं पोलाद आणलं, त्यातून त्यानं नवं चाक घडवलं, त्याचा एकेक दाता कापला आणि कानशीनं घासून गुळगुळीत केला.

मग त्या दात्यांना पाणी द्यायचं होतं. कुऱ्हाडीला लोहार देतो तसं, पण वरून कडक आणि आतून चिवट. नाहीतर पहिल्याच झटक्याला टवका उडतो. डॉक्टरांना एका लोहारानं फार पूर्वी, त्याच्या बैलावर उपचार करताना, जुनी रीत सांगितली होती. जनावरांच्या खुरांचा आणि शिंगांचा कोळसा करायचा, त्याच्या भुकटीत चाक पुरून डबा मातीनं लिंपायचा आणि भट्टीत लालबुंद होईपर्यंत ठेवायचा. खुरं जाळली त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं दारं लावून घेतली. वास असा की शेजारच्या घरातले पाहुणे जेवण टाकून निघून गेले. शेवटी तापलेलं चाक विझवायला डॉक्टरांनी काकूंचा करडईच्या तेलाचा नवाकोरा डबा उचलला.

"फोडणीला हात आखडता घ्याय लागलाय आन् लोखंडाला डबाभर तेल!" काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"परत ओतून देतो की. गाळून."

"खुराची राख गाळून?" काकू म्हणाल्या, पण बाजूला झाल्या.

चाक दांड्यावर बसवलं, गिअरबॉक्स गाडीत चढवली. गाडीचं बूड जॅकवर उचलून बघितलं तर मागची चाकं पहिल्या गिअरमध्ये छान फिरली. आम्ही तिघांनी पेढे खाल्ले. मग गाडी खाली उतरवून डॉक्टरांनी पहिला टाकला आणि क्लच सोडला. गाडी हुंदका दिल्यासारखी उठली, कोल्हं ओरडावं तशी आतून ओरडली आणि गेटपाशी पोचायच्या आत गिअर उडून बाहेर आला. पुन्हा टाकला, पुन्हा उडाला. डॉक्टरांचा चेहरा मला बघवेना.

सगळं पुन्हा उतरवलं. डॉक्टरांनी नवं चाक बोटानं हलवलं. दाते एकमेकांत बसूनही सैल हलत होते. मिस्त्रीला बोलावलं. त्यानं वाकून बघितलं आणि मोठ्या समाधानानं मान डोलावली.

"हलणारच की. फट ठिवलीया म्या."

"फट? कशापायी?"

"चोथा अडकतोय न्हायतर, डाक्टर. चिपाडाचं तुसं दात्यात गेलं की चाक गच्च व्हतंय. आमच्यात फट ठेवल्याबिगर चाक देतच न्हाईत."

"अरे, गाडीत चोथा कुठला?"

मिस्त्रीनं चाक पुन्हा उचलून बघितलं. हा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता. दातेरी चाक करायचं म्हणजे चोथ्याला वाट सोडायची, हे त्याच्या हाताला बापापासून माहीत होतं, डोक्याला विचारायची कधी वेळच आली नव्हती. तो चुकला होता, पण त्याच्या धंद्यात ती चूक नव्हती. डॉक्टरांना मात्र त्या वेळी एवढं कुठलं सुचायला.

"आपण," डॉक्टर म्हणाले आणि मी काय ते ओळखलं, "आपण माझे वाहन उसाचा रस काढण्यास योग्य केलेले आहे. आपल्या कौशल्याविषयी मी यापुढे मौन पाळणे पसंत करीन."

मिस्त्रीनं कानशी गोळा केल्या. "म्या सगळ्या तालुक्याला चाकं देतोय. कुणी असं बोललं न्हाय," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

त्याच आठवड्यात नानांच्या गावाहून फोन आला. नानांनी भाकरी सोडली होती, नुसती पेज घेत होते. डॉक्टर फोन ठेवून ओसरीवर येऊन बसले. मला वाटलं, आता हे सोडून देतील. काकूंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी चहा आणून ठेवला आणि शेजारी बसल्या. डॉक्टरांनी चहा बशीत न ओतता तसाच पिऊन टाकला, जुनी हत्यारांची पिशवी घेतली आणि बाहेर पडले.

या माणसानं आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती. त्या दिवशीही मागितली नाही. मिस्त्रीच्या घरी जाऊन डॉक्टरांनी परसात बांधलेल्या म्हशीचं वाढलेलं खूर साळून दिलं. ती बरेच दिवस लंगडत होती म्हणे. संध्याकाळी दोघं बरोबर परत आले, पुढं मिस्त्री, मागं डॉक्टर.

"काय बोललात तुम्ही त्यांना?" मी हळूच विचारलं.

"काय न्हाय. म्हशीचे दात लई चांगले हायेत म्हनलं." मग त्यांनी पिशवी दाखवली. "आन् हे बगा, खुराचे तुकडे बी मिळाले. भट्टीला लागतीलच."

दुसरं चाक करायला पहिल्याच्या दुप्पट वेळ लागला. आता मिस्त्रीच्या हाताला आपली सवय मोडायची होती. दात्याच्या अंगाला दाता किती टेकतो ते कळावं म्हणून काकूंची कपड्यांची नीळ तेलात कालवली. नव्या दात्यांना नीळ फासायची, चाक फिरवायचं, जिथं नीळ पुसली गेली तिथं टेकतंय असं समजायचं आणि तेवढंच कानशीनं घासायचं. पुन्हा नीळ, पुन्हा कानस. नीळ फासायचं काम माझं. वर्गात फळ्यावर लिहायला हात वर केला की पोरं माझी निळी बोटं बघून खुसखुसायची. मिस्त्री दर वेळी शेवटची कानस मारायला निघायचा आणि डॉक्टर ओरडायचे, "बास! चोथा न्हाय गाडीत!" मिस्त्री हसून हात मागं घ्यायचा. शेवटी शेवटी तोच आपल्या हाताला दम देऊ लागला, "बास बास, चोथा न्हाय."

पुन्हा खुरं जळाली, पुन्हा गल्लीनं दारं लावली. या वेळी काकूंनीच तेलाचा डबा बाहेर आणून ठेवला. चाक बसलं, खोकं चढलं. गाडी गेटातून बाहेर आली, रस्त्याला लागली, थांबली आणि पुन्हा उठली. आवाज नाही, उडी नाही. मिस्त्रीनं टोपी काढून हवेत भिरकावली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "सपाटीचं काय घिऊन बसलाव," म्हणाले, "चढावर उठली तर खरं."

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. डॉक्टरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मागं काकू, मांडीवर पेजेचा डबा घेऊन, शेजारी मी. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, एसटीचा ड्रायव्हर हात हलवून गेला. डॉक्टरांनी कुणाकडंच बघितलं नाही. माझं सगळं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडं, तो गिअरच्या दांड्यावरून निघतच नव्हता.

नानांच्या वस्तीपाशी चढ चांगला उभा आहे. रस्त्याच्या कडेला बुद्धविहार, त्याला लागून नानांचं घर. थोडं पुढं सपाट जागा होती, गाडी तिथं नेता आली असती. डॉक्टरांनी ती बरोबर चढाच्या मधोमध, नानांच्या दारासमोर थांबवली आणि बंद केली.

"अहो, इथं कशाला? पुढं घ्या की," मी म्हणाले.

"इथंच," डॉक्टर म्हणाले. ते स्वतः उतरलेच नाहीत. एक पाय ब्रेकवर घट्ट, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर.

आम्ही दोघी नानांना घेऊन बाहेर आलो. हाडांवर कातडं उरलेला उंच म्हातारा, हातात काठी. दारातच थबकले. डोळे बारीक करून गाडीकडं बघत राहिले. "तीच का रं ही?" म्हणाले. आतून डॉक्टर म्हणाले, "तीच हाय नाना. या, बसा." आणि त्यांनी इंजिन चालू केलं.

नाना गाडीपाशी गेले. मी पुढं होऊन दार उघडायला लागले, पण ते दाराकडं आलेच नाहीत. गाडीवरून हात फिरवत फिरवत ते मागं गेले, काठी भिंतीला टेकवली, धोतराचा सोगा वर खोचला, पाय मागं रोवले आणि त्या उतरत्या बुडावर दोन्ही तळवे टेकवले.

"घाल रं गेर," ते म्हणाले. "म्या हाय मागं."

काकूंनी तोंडाला पदर लावला.

"नाना, हात काढा," डॉक्टर आतून म्हणाले. "ढकलायची न्हाय ती आता."

"आरं येडा का काय! चढ हाय. न्हाय उठायची ती. घाल तू, घाल!"

डॉक्टरांनी पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी नानांच्या हातांखालून निघाली. चढावर, सरळ, एकसारखी. नानांचा तोल पुढं गेला, मी आणि काकूंनी त्यांना दोन्हीकडून धरलं. त्यांचे हात तसेच पुढं होते. धुरळा खाली बसला. मग त्यांनी हातावर हात झटकले, सोगा सोडला, काठी घेतली आणि घराकडं वळले.

"गेली," म्हणाले. "चांगली गेली."

"नाना," मी म्हणाले, "मागं बघा."

गाडी वर चढावर थांबली होती. इंजिन चालू होतं. डॉक्टरांनी आतूनच हात लांब करून शेजारचं दार उघडलं होतं.

नाना बघत राहिले. "बंद पडली जणू?"

"बंद नाही पडली. तुमच्यासाठी थांबलीय."

"थांबत नसती ती, बाई," नाना मला समजावत म्हणाले. "थांबली की परत उठत न्हाय." पण गाडी जागची हलत नव्हती आणि दार उघडंच होतं. थोड्या वेळानं त्यांनी काठी पुढं टाकली आणि चढ चढायला लागले. दर चार पावलांवर दम खायला उभे राहायचे, वर बघायचे, गाडी आहे का गेली ते बघायचे आणि पुन्हा पाऊल टाकायचे. मी हात धरू लागले तर त्यांनी तो सोडवून घेतला. डॉक्टरांनी हॉर्न वाजवला नाही, हाक मारली नाही. नाना पोचेपर्यंत गाडी थांबून राहिली.